मामांची राहिलेली प्रदक्षिणा

माझं लग्न ठरलं तेव्हा मला फौजेत पाच वर्षं झाली होती आणि माझे सासरे दौंडजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना पहिल्या दिवसापासून मामाच म्हणत आलो. ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही.

मी तोफखान्यात होतो. चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसा मीही झालो. मी बऱ्याच वेळा सांगून पाहिलं की मी मेजर नव्हतो. कुणी ऐकलं नाही. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. घरची थोडी बागायत आहे. कांदा निघतो, आणि दसरा-दिवाळीच्या बाजाराला शेवंती.

नोकरीतल्या सुट्ट्या आठवल्या की मला गावाच्या आधी दौंड स्टेशन आठवतं. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीनं मी तिथं उतरायचो, आणि मामा फलाटावर उभे असायचे. गाडी वेळेवर येवो नाहीतर सहा तास उशिरा, ते असायचेच. स्टेशनातला प्रत्येक माणूस त्यांच्या ओळखीचा. गाडी कुठं अडकून पडली आहे हे डब्यात बसलेल्या मला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं. माझा डबा कुठल्या खांबासमोर येणार हेही त्यांना ठाऊक. मी दारातून ट्रंक खाली सरकवायचो आणि खालून ते दुसरी कडी धरायचे. मी पाया पडायला वाकलो की मागं सरकायचे.

“जेवलात का गाडीत?” एवढंच विचारायचे.

सरहद्दीवर कसं आहे, थंडी किती, गोळीबार होतो का, असलं काही नाही. गावात पाऊल टाकलं की तिथं मात्र पारावर बसलेला प्रत्येक जण तेच विचारायचा. मला वाटायचं, मामांना या गोष्टींत काही रस नसावा. रेल्वेचा माणूस. गाडी आली, गाडी गेली, फाटक उघडलं, फाटक लावलं. मी तसंच समजून चाललो होतो.

आमची मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेचा प्रश्न आला. आमच्या गावात तेव्हा चौथीपर्यंतचीच शाळा होती, तीही एकशिक्षकी. माझी बदली दर दोन-तीन वर्षांनी, त्यातली निम्मी ठिकाणं अशी की तिथं कुटुंब नेता येत नाही. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. आईनंच निर्णय घेतला. बायकोला म्हणाली, “तू पोरीला घिऊन दौंडला जा. तिचं शिक्षान होऊं दे. हितलं मी बघते.”

अशा रीतीनं माझी बायको आणि मुलगी दौंडला राहिल्या. मुलगी दहावी होईपर्यंत, म्हणजे दहा-अकरा वर्षं. मधली तीन वर्षं मी त्यांना माझ्याजवळ नेलं होतं, बाकी सगळी दौंडलाच. मामांनी तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, पाढे पाठ करून घेतले, दातदुखीला दवाखान्यात नेलं. रात्रपाळी करून आले तरी सकाळी तिची वेणी सासूबाई घालेपर्यंत हे दप्तर घेऊन दारात उभे. मला हे सगळं पत्रातून आणि पुढं फोनवरून कळायचं. तिला सायकल शिकवली ती मामांनी. ती पडली, तिच्या हनुवटीला तीन टाके पडले, तेव्हा तिचा हात धरून बसले तेही मामाच. सुट्टीवर आल्यावर मी तो व्रण पाहिला. तोवर तो जुना झाला होता.

वडील गेले तेव्हा मी पोचलो, पण तिसऱ्या दिवशी. त्यांना अग्नी चुलतभावानं दिला. ही एक गोष्ट माझ्या मनात कायम राहिली. निवृत्तीचे कागद हातात पडले त्या दिवशी मी युनिटच्या मंदिरात जाऊन बसलो होतो. आमच्याकडे रविवारी सकाळी सगळे जवान मंदिरात जमायचे, त्याला मंदिर परेड म्हणत. मी तिथं पेटी वाजवायचो. त्या दिवशी रविवार नव्हता, मंदिर रिकामं होतं. मी देवाला सांगितलं, आता इथून पुढं माझं कुठलंही माणूस मला लांब ठेवायचं नाही. एवढंच मागणं.

घरी आल्यावर रांजणगावच्या कारखान्यांतून सिक्युरिटीच्या नोकऱ्या सांगून येत होत्या. माझ्याबरोबरचे बरेच जण लागले. मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, “घरी बसून करणार काय तुम्ही?” मी म्हणालो, “घरी बसणार.” तिला ते पटलं नाही, पण नंतर तिनंच पाहिलं की मी काही बसत नाही. पहाटे पाचला उठायचं, भैरवनाथाच्या देवळात झाडलोट करायची, पाणी मारायचं, दिवा लावायचा, मग मळ्यात. पहिल्या वर्षी मी घरातही तोच कारभार लावायला गेलो. सकाळी अंथरुणाच्या घड्या एका रेषेत हव्यात, चपला एका रांगेत हव्यात. एक दिवस बायकोनं हातातलं उलथनं बाजूला ठेवलं आणि मला समोर बसवलं.

“अहो, हे युनिट नाही. आम्ही दोघी-तिघी बायका इतकी वर्षं इथं-तिथं घर चालवत होतो. तुम्ही नव्हता तेव्हा चपला वाकड्या असूनही घर चाललं.”

आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. मी चपलांचा नाद सोडला. घड्या मात्र माझ्या मीच घालतो, अजून.

मी आल्यानंतर तिसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. मामांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रेल्वेचं क्वार्टर सोडून त्यांनी दौंडमध्येच दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथं ते एकटे राहिले. माझी बायको ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पंधरा दिवसांनी चौफुल्यावरून गाड्या बदलत दौंडला जायची, घर आवरायची, डबे भरून ठेवायची आणि परत यायची. परत आली की दोन दिवस तिचं लक्ष लागायचं नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मामांना वास आला नाही. शेजारणीला आला म्हणून बरं. दुसऱ्यांदा नळापाशी घसरून पडले आणि चार दिवस कुणाला बोलले नाहीत.

“त्यांना इकडं आणू या,” मी म्हणालो.

“ते येणार नाहीत,” बायको म्हणाली. “मी विचारलंय. तीनदा.”

मी स्वतः गेलो. मामांनी माझ्यासाठी चहा केला, बिस्किटं बशीत मांडली, सगळं ऐकून घेतलं.

“पाव्हणं, तुमचं मन मोठं हाय,” ते म्हणाले. “पर लेकीच्या घरी बापानं चार दिस ऱ्हावं. पाचव्या दिशी पिशवी उचलावी. माझ्या बापानं ते केलं, मी बी तेच करनार.”

“मामा, काळ बदलला.”

“बदलला असंल. चहा घ्या, निवतोय.”

पुढं बोलायची सोयच ठेवली नाही. मी दोन-तीन वेळा गेलो, दर वेळी हेच. माझा आवाज तोफखान्यातला, जरा मोठा. एकदा तो चढला. मामा उठून आत गेले आणि त्यांनी देवापुढं उदबत्ती लावली. मी ओशाळून परत आलो.

त्यानंतर महिन्याभरानं मी काही न कळवता दौंडला गेलो. बायकोनं दिलेली चटणी-लोणची द्यायची आणि माझ्या चढलेल्या आवाजाबद्दल क्षमा मागायची, एवढंच मनात होतं. सकाळचे नऊ वाजले असतील. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी, तीही रेल्वेतल्याच कुणाची बायको, ओट्यावर मेथी निवडत होती.

“आज चतुर्थी न्हाई का?” ती म्हणाली. “सिद्धटेकला गेल्यात. दर चतुर्थीला जात्यात.”

“दर चतुर्थीला? या वयात?”

“आता जीपनी जात्यात. मागं सायकलवर जायचे.” तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तुमास्नी ठावं न्हाई व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोला एवढंच ठाऊक होतं की वडील संकष्टीचा उपास करतात आणि त्या दिवशी ड्यूटी नसली तर कुठंतरी बाहेर असतात. मित्राकडं जातो, बाजारात जातो, असं सांगून ते निघायचे. मी मोटारसायकल वळवली आणि सिद्धटेकचा रस्ता धरला.

हा गणपती भीमेच्या पलीकडं आहे. आता पूल आहे, पण पूर्वी अलीकडच्या काठावर उतरून नावेतून पलीकडं जावं लागायचं. पुलाच्या अलीकडं एक चहाची टपरी दिसली तिथं मी थांबलो. मामा या वाटेनं गेले का, हे विचारावं म्हणून. टपरीवाला सत्तरीचा, काळा, सडपातळ माणूस होता. मी मामांचं वर्णन केलं, पांढरी टोपी, रेल्वेत होते, गुडघे धरून चालतात.

“गेटमन आप्पा!” तो म्हणाला. “मगाशीच गेलं की जीपमधी. तुमी कोन त्यांचं?”

“जावई.”

त्यानं हातातलं गाळणं खाली ठेवलं. “मिल्ट्रीतलं?”

मी मान हलवली. तो टपरीतून बाहेर आला आणि माझ्याकडं बघतच राहिला, जणू आमची फार जुनी ओळख असावी आणि मीच विसरलो असावा.

तो पूर्वी इथं नाव चालवायचा. पुलामुळं नाव बंद झाली आणि त्यानं टपरी टाकली. त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं ते असं. माझं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते तेव्हाच्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. आमची तुकडी वर गेली. दीड महिना माझं घरी पत्र गेलं नाही, ते मला आठवतं. लिहिलेली पत्रंही खाली पोचत नव्हती. त्या दिवसांत एक गेटमन पाळी संपवून, अंगावरच्या निळ्या शर्टानिशी, सायकलवर नदीवर आला. नावेत बसला. पलीकडं जाऊन आला आणि नावाड्याला म्हणाला, “आता मी दर संकष्टीला येनार. जावई कायमचा घरी येईपातूर.”

“मी म्हणलो, आप्पा, जावई कवा येनार कायमचा?” टपरीवाला सांगत होता. “तर म्हणलं, वीस-बावीस वरीस लागत्याल. मला वाटलं, चेष्टा करत्यात. पर आलं की वो! दर म्हयन्याला आलं. ड्यूटी असली की दुसऱ्याला पाळी बदलून द्यायचं. पावसाळ्यात नदी भरली, नाव बंद असली, तर हितंच काठाला उभं ऱ्हाऊन हात जोडायचं आन् माघारी फिरायचं. कुनाला सांगू नका म्हणायचं. पोरगी काळजी करंल, म्हणायचं.”

माझा चहा हातात तसाच होता.

“पण मला घरी येऊन पाच वर्षं झाली,” मी म्हणालो. “मग अजून का येतात?”

“मी बी इचारलं त्यांना. म्हणलं, आप्पा, सुटलात की आता. तर म्हणलं, इतकी वरसं मागायला येत हुतो. आता काय न मागता यावं वाटतंय.”

टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी पूल ओलांडून गेलो.

मामा दर्शन घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते. चपला पायात घालायचं चाललं होतं, एका हातानं गुडघा धरून. मी समोर उभा राहिलो तेव्हा आधी त्यांना वाटलं घरी काहीतरी झालंय.

“पोरगी बरी हाय ना?”

“सगळे बरे आहेत. तुम्ही घरी नव्हता म्हणून आलो.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग मी आलो त्या बाजूला, नदीकडं पाहिलं. “त्या चहावाल्यानं तोंड उघडलं म्हंजी,” ते म्हणाले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

मी या वेळी वाकलो तेव्हा त्यांना मागं सरकता आलं नाही, मागं पायरी होती. मी त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, “असू दे, असू दे.” मग बराच वेळ आम्ही शेजारी बसलो. लोक येत होते, जात होते. दूर्वा-जास्वंदीच्या माळा विकणाऱ्या बाया ओरडत होत्या.

“एक ऱ्हायलं,” मामा एकदम म्हणाले. “मी बोललो हुतो, जावई आला की त्याला संगं घिऊन टेकडीला प्रदक्षिना घालीन. तुमी आलात आन् हिचं दुखनं सुरू झालं. मग ती गेली. आता गुडघं गेलं. ऱ्हायलं ते ऱ्हायलं. देवाला समजतं.”

तिथला देव टेकडीत आहे, त्यामुळं पूर्ण प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीला फेरा घालावा लागतो. पाच किलोमीटरची वाट, खडी आणि माती. बहुतेक लोक देवळाभोवतीच फिरून परत जातात.

“चला,” मी म्हणालो.

“आत्ता? काय बोलताय पाव्हणं? मला दोनशे पावलं चाललं की बसाया लागतं.”

“मग दोनशे पावलांनी बसू.”

“कुठं बसनार? वाटंवर दगडं हायेत नुसती.”

मी माळा विकणाऱ्या एका बाईकडं गेलो. ती लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी तिला सांगितलं, ताई, म्हाताऱ्या माणसाला प्रदक्षिणा घालायची आहे, दुपारपर्यंत खुर्ची द्या. ती उठली, खुर्ची पदरानं पुसली आणि म्हणाली, “न्या. माझा बी नमस्कार सांगा वाटंत.”

मग आम्ही निघालो. मामा काठी टेकत पुढं आणि मी खुर्ची डोक्यावर घेऊन मागं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आणि डोक्यावर उलटी खुर्ची घेतलेला मिशीवाला जावई. येणारे-जाणारे हसत होते. कॉलेजच्या पोरींनी मोबाइलवर फोटो काढला. मामांना लाज वाटत होती, पहिल्या दोन थांब्यांना ते खुर्चीच्या कडेवर बसले, पूर्ण टेकलेच नाहीत. तिसऱ्या थांब्याला ऐसपैस टेकले. त्यानंतर ते स्वतःच हात वर करायचे. हात वर झाला की मी खुर्ची मांडायची. ते बसायचे, मी शेजारी दगडावर. मी त्यांना बाटलीतलं पाणी द्यायचो. उपास असल्यामुळं खिशात शेंगदाण्याचे लाडू होते, त्यातला अर्धा ते मला द्यायचे.

तोफांच्या आवाजानं माझा डावा कान अधू आहे. हे त्यांना माहीत होतं. ते मुद्दाम माझ्या उजव्या अंगाला बसत होते हे चौथ्या-पाचव्या थांब्याला माझ्या लक्षात आलं.

अर्धी वाट झाली तेव्हा एका बाभळीच्या सावलीत आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. मामांनी टोपी काढून घाम पुसला.

“पाव्हणं, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“तवा, त्या लढाईत, भ्या वाटायचं का वो?”

चोवीस वर्षांत त्यांनी मला असं काही पहिल्यांदा विचारलं. पारावर लोक विचारायचे तेव्हा मी छाती काढून उत्तरं द्यायचो. त्यांना तसं देता येईना.

“वाटायचं,” मी म्हणालो. “तोफ चालू असली की नाही वाटायचं, तेव्हा काम असायचं. थांबली की वाटायचं. हिचा चेहरा नीट आठवत नव्हता मला, मामा. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायचो आणि मला तुमचाच चेहरा दिसायचा, फलाटावरचा. का ते कळत नाही.”

मामा जमिनीकडं बघत काठीनं रेघा मारत राहिले.

“तुमी सुट्टीवर आलं की इचारावं वाटायचं मला,” ते म्हणाले. “पर म्हणायचो, मानूस घरी आलाय, त्याला पुन्यांदा तिकडं कशाला न्यायचं? जेवलाय का तेवढं बघावं.” मग म्हणाले, “तवा मिल्ट्रीच्या गाड्या जायच्या माझ्या फाटकावरनं. ताडपत्री घातलेल्या तोफा. डब्याच्या दारात पोरं बसल्याली असायची पाय सोडून. मी हिरवा झेंडा दावायचो आन् समद्यांची तोंडं बघायचो. तुमी तर कवाच वर गेला हुता, ठावं हुतं मला. तरी बघायचो. गाडी लई जोरात जायची, काय दिसत नसायचं.”

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

साडेदहाला निघालो होतो, देवळाशी परत आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. माझ्या हिशेबानं चाळीसेक थांबे झाले. खुर्चीच्या बाईनं आम्हाला लांबून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मामांनी कळसाला हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. मग म्हणाले, “झालं.” आणि हसले. त्यांच्या तोंडात वरचे दोन दात नाहीत, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, आता विचारावं. “मामा, घरी चला. कायमचे.”

हसू लगेच मावळलं. “पुन्यांदा तेच?”

मी घरी फोन लावला, आईला बोलावलं आणि तिला सगळं सांगितलं, नदीवरचं, संकष्टीचं, आत्ताचं. मग फोन मामांच्या कानाला लावला. आई व्याह्यांशी आजवर समोरासमोर दोन वाक्यांच्या वर बोललेली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत निघून जायची. पण फोनवर तिचा आवाज असा खणखणीत की माझ्या अधू कानालाही ऐकू येत होता.

“व्याही, माझी नात तुमच्याकडं धा वरसं ऱ्हायली. सून ऱ्हायली. तवा मी म्हणलं का, आमची मानसं दुसऱ्याच्या घरी कशापायी? मी म्हणलं, घर एकच हाय, खोल्या लांब-लांब हायेत. आता तुमीच हिशोब येगळा मांडताय व्हय? तुमची पिशवी भरा आन् या. भाकरी टाकतीया मी.”

आणि फोन बंद केला. मामा फोनकडं बघत राहिले. त्यांना उत्तर द्यायची संधीच मिळाली नव्हती.

“विहीनबाई लई बोलत्यात,” ते म्हणाले.

“एरवी नाही बोलत.”

दौंडला परत येईपर्यंत ते मोटारसायकलवर मागं माझा खांदा धरून बसले होते. कुलूप उघडून आत गेले. मी ओट्यावर थांबलो. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा हातात पिशवी होती आणि काखेत देवाचा छोटा डबा.

“तुमाला फौजेत सालाची किती सुट्टी असायची?”

“दोन महिने.”

“मग मी बी दोन म्हयनं येतो. सुट्टीवर. कायमचं-बियमचं काय बोलायचं न्हाई.”

“नाही बोलणार.”

या गोष्टीला आता तीन पावसाळे झाले. दोन महिने संपले तेव्हा मामांनी सुट्टी वाढवून घेतली, म्हणजे रात्री जेवताना म्हणाले, “कांदा काढनीला आलाय, तेवढं झालं की जातो.” कांदा निघाला, मग शेवंती लावायची होती. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. दौंडच्या खोल्या आम्ही बंदच ठेवल्या आहेत. महिन्यातून एकदा त्यांना तिथं नेतो. ते दारं-खिडक्या उघडतात, झाडून घेतात, शेजारच्या म्हातारीशी बोलतात आणि म्हणतात, “चला, उशीर व्हतोय.” चतुर्थीला आम्ही सगळे सिद्धटेकला जातो. कुणाला काही मागायचं असलं तर मागतात, मामा नाही मागत.

पहाटे देवळातलं काम आम्ही वाटून घेतलं आहे. झाडलोट माझी, दिवा त्यांचा. दिव्याची वात ते इतकी बारीक वळतात की तेल दुपारपर्यंत पुरतं. सकाळच्या आरतीला पूर्वी मी आणि गुरव असे दोघंच असायचो. मामा आल्यापासून म्हातारी माणसं जमायला लागली, कारण आरती झाली की मामा रेल्वेच्या गोष्टी सांगतात. निरोपाच्या वेळी युनिटनं दिलेल्या पेटीवर धूळ होती, ती मी उघडली. भाता एका ठिकाणी फाटला होता. मामांनी आणि मी मिळून तो चिकटवला. एक सूर अजून लागत नाही, पण गावाला चालतो.

आईचं आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजतं. चहात आलं किती घालायचं. आई आता पदर ओढून आत जात नाही. तिथंच बसून भांडते. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, शनिवारी येते. आल्या-आल्या तिला दोघांच्याही तक्रारी स्वतंत्र ऐकाव्या लागतात. दोघांनाही ती म्हणते, तुमचंच बरोबर आहे.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही अंगणात शेवंतीच्या जुड्या बांधत होतो. मामा दोरा तोडून देत होते, आई फुलं लावून देत होती. बायकोनं जुडी बांधता बांधता मान वर करून एकदा सगळ्यांकडं पाहिलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “इथं असले की आप्पांकडं लक्ष लागायचं, तिथं असले की तुमच्याकडं. आता कुणाचीच वाट बघायची नाहीये. मला जरा रिकामं-रिकामं वाटतंय.”

“मग ह्या जुड्या बांध की पटापटा,” आई म्हणाली. “टेंपो यायचा झालाय.”

बायको हसली. टेंपो आला तेव्हा अजून वीस जुड्या राहिल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, मामांशेजारी मांडी घालून बसला आणि त्यानंही बांधायला घेतल्या.